सुनेचं पथ्य, सासूचं अपथ्य

श्वी यांच्या घरातली गॅसची शेगडी चिनी नववर्षाच्या सणानंतर पेटलीच नव्हती.

लिफ्टदुरुस्तीचं काम आटोपून चुनश्यांग संध्याकाळी घरी आला, की त्याच्यापुढे एक बशी यायची. पांढऱ्या मुळ्याच्या चकत्या, मोड आलेले मूग, किसलेलं बीट, पेरूच्या फोडी आणि वर काळ्या तिळाची पूड. सगळं कच्चं, सगळं गार. तो चॉपस्टिकने इकडचं तिकडे करत बसायचा.

"भूक नाही का?" त्या दिवशी त्याच्या बायकोने, लीछिंगने विचारलं.

"आहे की. खातोय ना!"

"तुझ्या शर्टाला तळलेल्या कांद्याचा वास येतोय."

चुनश्यांगने बाही हुंगली. "गिऱ्हाइकाने बळेच टर्की-भात खायला घातला. नाही कसं म्हणणार?"

"या आठवड्यात तिसऱ्यांदा! फारच प्रेमळ गिऱ्हाइकं भेटतात बाई तुला!"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या सासूबाई तोंडाला पदर नव्हता म्हणून हातच लावून हसल्या. त्यांच्यापुढे मात्र वाफाळती पेज होती आणि उकडून, पिळून घेतलेला रताळ्याचा पाला. खोलीतल्या छोट्या विजेच्या भांड्यात त्या स्वतःपुरतं शिजवून घेत. घरात तेवढंच काय ते गरम असायचं.

लीछिंग हट्टी होती, पण तिच्या हट्टाला कारण होतं. बारा वर्षं अर्धशिशीने तिचा पिच्छा पुरवला होता. गावातल्या शाळेच्या कचेरीत ती कारकून. महिन्यातून सहा-सात दिवस तरी ती टेबलावर डोकं टेकून बसलेली असायची. घरी आली की खोलीत अंधार करायचा, डोळ्यांवर ओला टॉवेल टाकायचा, आणि कुणी 'जेवतेस का?' विचारलं तरी खेकसायचं. गोळ्यांनी पोट बिघडलं, वजन वाढलं, डोकं काही थांबलं नाही. मग ऑक्टोबरात कुणीतरी तिला देवळाशेजारच्या सभागृहात गाओ बाईंच्या कच्च्या आहाराच्या वर्गाला नेलं. पहिला आठवडा फार वाईट गेला. पोट फुगलं, रात्री स्वप्नात नूडल्स दिसू लागल्या. पण ती तगून राहिली. महिना-सव्वा महिन्याने एका दुपारी शाळेचा जिना चढताना तिच्या लक्षात आलं, या महिन्यात डोकं एकदाही दुखलं नाही! ती जिन्यातच बसली आणि रडली.

वाचकहो, हे खोटं नव्हतं. तिचं डोकं खरंच थांबलं होतं, नऊ किलो वजन खरंच उतरलं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल की ती बाईच वेडी. ती वेडी नव्हती. ती बरी झाली होती, आणि बरं झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

तिने शाळेतल्या शिपायाला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, बस थांब्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. गाओ बाईंच्या फोनवरच्या गटात दीडशे माणसं होती. तिथे ती रोज आपल्या बशीचा फोटो टाकायची. जूनमध्ये सभागृहात मोठा मेळावा होता आणि त्यात 'माझा अनुभव' सांगायला बाईंनी तिलाच निवडलं होतं.

आता राहिल्या होत्या घरातल्या सासूबाई.

त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी रुग्णालयात सांगितलं होतं, मूत्रपिंडं फार अशक्त झाली आहेत, डायलिसिस जितकं लांबवता येईल तितकं लांबवू. औषधं दिली होती आणि एक कागद दिला होता. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी फेका. फळांचे, भाज्यांचे रस घेऊ नका. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता.

एप्रिलमध्ये रिवाजाप्रमाणे पितरांची थडगी साफ करायला सगळे टेकडीवर गेले, तेव्हा सासूबाईंना चढण झेपेना. दोनदा बसावं लागलं. घरी परतल्यावर लीछिंगने फ्रिजवरचा तो कागद काढला आणि खणात टाकून दिला.

"आई, उकडून पाणी ओतलेला चोथा खाऊन अंगात ताकद कुठून येणार? उद्यापासून माझ्याबरोबर घ्या. बघा, महिन्याभरात टेकडी पळत चढाल!"

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. "तू म्हणतेस तर घेते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मिक्सर फिरू लागला. रताळ्याचा कोवळा पाला, पालक, बीट, एक पिकलं केळं, मूठभर मोड. हिरवागार मोठा पेला भरायचा. दोघी पुढच्या दारापाशी बाकावर बसायच्या आणि लीछिंग पेला संपेपर्यंत हलायची नाही. दुपारी शाळेतून आली की दुसरा पेला.

"कसं लागतंय?"

"गवतासारखं," सासूबाई म्हणायच्या. "पण तू बस. घोट घोट घेते मी."

शेजारचे थियानफू काका कुंड्यांना पाणी घालताना हे चार-पाच दिवस बघत होते. एके सकाळी झारी खाली ठेवून ते आलेच.

"वहिनी, काय पिताय?"

"सुनेने केलंय."

काकांनी पेल्याला नाक लावलं. चेहरा बदलला. "लीछिंग, हा कच्चा पाला आहे ना गं? यांना नाही चालत."

"काका, जिवंत अन्न आहे ते. शिजवलं की मरतं."

"अगं, मी एकतीस वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होतो. मूत्रपिंडाच्या रोग्यांची भाजी माझ्याच हातची. चिरायची, मोठ्या पातेल्यात उकळायची, पाणी मोरीत. कितीदा वाटायचं, एवढं चांगलं पाणी फेकतोय! पण त्या पाण्यातच त्यांचा काळ असतो. पोटॅशियम. आपलं शरीर ते बाहेर टाकतं. यांचं टाकू शकत नाही, साचत जातं."

"म्हणजे एकतीस वर्षं तुम्ही भाजीतलं सगळं सत्त्व मोरीत ओतलंत!" लीछिंग हसून म्हणाली, पण हसण्याला धार होती.

"जे तुला सत्त्व, तेच यांना विष होऊ शकतं, पोरी."

"तुम्ही आचारी होता काका. डॉक्टर नव्हता."

काका झारीकडे वळले. "आचारी होतो म्हणूनच सांगतोय. डॉक्टर सांगून पुढच्या खाटेकडे जातो. ताटात काय पडतं आणि मग त्या माणसाचं काय होतं, ते आचाऱ्याला दिसतं." त्यांनी झारी उचलली. "निदान त्यांच्या डॉक्टरांना एकदा फोन करून विचार."

लीछिंगने फोन केला, पण गाओ बाईंना.

कारण तोवर सासूबाईंचे पाय जड पडायला लागले होते. बाकावरून उठताना भिंतीला धरायच्या. ओठांना मुंग्या येतात म्हणायच्या.

"अगदी बरोबर चाललंय," बाई पलीकडून म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, ऐकत राहावा असा. "विष बाहेर पडताना आधी त्रास वाढतो. तुलाही पहिल्या आठवड्यात झालाच ना? बरेच लोक नेमके इथेच घाबरून थांबतात."

"आणि त्यांची औषधं, बाई? चालू ठेवू?"

"मी बंद कर असं कुणालाच सांगत नाही. तू तुझ्या गोळ्यांचं काय केलंस?"

"सोडल्या."

"मग तुझं तूच ठरव."

त्या संध्याकाळी सासूबाई औषधांची डबी हातात घेऊन उभ्या होत्या. "घेऊ की नको गं?"

लीछिंगला क्षणभर धास्ती वाटली. तरीही ती म्हणाली, "चार दिवस थांबून बघू, आई."

चुनश्यांगने ते ऐकलं. तो दारात बूट काढत होता. एक बूट हातातच राहिला.

"औषधं थांबवणार? डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टरांनी दोन वर्षांत काय केलं? डायलिसिस लांबवू म्हणाले. बरं करू म्हणाले का? बारा वर्षं माझं डोकं फुटत होतं, तेव्हा यातल्या एकाही डॉक्टरने मला बरं केलं नाही. आठवतंय ना? की तेव्हाही तू गिऱ्हाइकाकडे जेवत होतास?"

शब्द वर्मी बसला. तेव्हा तो खरंच घरी थांबत नसे. अंधाऱ्या खोलीतल्या बायकोला काय म्हणावं ते त्याला कळत नसे. त्याने आईकडे पाहिलं. आईने हलकेच हात हलवला, भांडू नका. आणि चुनश्यांग घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसला. घरोघरी पुरुष असेच गप्प बसतात, आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतात!

तीन आठवडे झाले. शनिवारी सकाळी गाओ बाईंचा निरोप आला. मेळाव्यात दाखवायला सासूबाईंचं छोटंसं चित्रण हवं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, हातात हिरवा पेला, दोन वाक्यं, बस्स.

लीछिंगने सासूबाईंना फुलाफुलांचा सदरा घालायला लावला, केस विंचरून दिले. बाकावर बसवलं. सासूबाईंनी पेला उचलला आणि फोनकडे बघून म्हणाल्या, "माझी सून रोज मला हे करून देते. मला बरं वाटतं."

"छान! छान झालं!" लीछिंगने ते लगेच पाठवून दिलं. मग तिला वाटलं, चेहऱ्यावर सावली पडलीय, उजेडात आणखी एकदा घेऊ. "आई, जरा इकडे सरका. पुन्हा एकदा म्हणा."

"माझी सून..." सासूबाई म्हणाल्या. जीभ जड वाटत होती. "माझी सून रोज..."

पेला हातातून सुटला. फरशीवर हिरवं पसरलं. सासूबाई एका कुशीवर कलंडल्या, डोळे उघडे, ओठ निळसर. लीछिंगने हात धरला तर तो गार, आणि मनगटातली नाडी इतक्या सावकाश लागत होती की दोन ठोक्यांच्या मध्ये तिला वाटलं, आता पुढचा येणार नाही!

"आई! आई गं! चुनश्यांग!"

तिची किंकाळी ऐकून पहिले धावले थियानफू काका. त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता दोनदा स्पष्ट सांगितला आणि म्हणाले, "औषधांची डबी घे. कागद असतील ते घे. चल."

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या, निघालेली कागदाची पट्टी पाहिली आणि मागे न बघता परिचारिकेला इंजेक्शन मागितलं.

"रक्तातलं पोटॅशियम भयंकर वाढलंय. हृदय कुठल्याही क्षणी थांबेल," त्या भराभर बोलत होत्या. "गेल्या काही दिवसांत खाण्यात काय बदल केला?"

लीछिंगने तोंड उघडलं. तेवढ्यात खाटेवरून पुसट आवाज आला.

"काही नाही. नेहमीचंच. पेज."

"आजी, औषधं घेत होता?"

"वेळच्या वेळी."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "पथ्य आणि औषध चालू असताना एवढं वाढलं, म्हणजे मूत्रपिंडं पुरती गेली म्हणायची. तसं असेल तर आता कायमचं डायलिसिस."

चुनश्यांग भिंतीला टेकून उभा होता. तो बायकोकडे बघत होता. आणि खाटेवरच्या म्हातारीने मान वळवली होती, ती नेमकी सुनेकडेच. त्या नजरेत राग नव्हता. बोलू नकोस, असं ती सांगत होती. सून वाचावी म्हणून ती मरणाच्या दारात खोटं बोलत होती!

लीछिंगच्या मनात एकच क्षण आलं की गप्प राहावं. कुणाला कळणार नाही. मेळावा होईल, लोक टाळ्या वाजवतील.

"त्या खोटं बोलताहेत," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की पलीकडच्या पडद्याआडचे लोकही थांबले. "तीन आठवडे मी त्यांना कच्च्या पाल्याचा रस देतेय. दिवसातून दोनदा, मोठा पेला. पालक, बीट, केळं. औषधंही मीच थांबवली. बारा दिवस झाले. मी केलं हे. मी!"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या आणि पडदा ओढून घेतला.

आत गळ्याच्या शिरेत नळी घालून रक्त धुतलं जात होतं. बाहेर तिघे बाकावर बसले होते. 

"तू म्हणालीस तसं मी बाहेर जेवायचो," चुनश्यांग शेवटी म्हणाला. "तेव्हाही, आत्ताही. डबी तिच्या हातात होती, मला दिसली होती. मी बूट काढून आंघोळीला गेलो."

 लीछिंगच्या पिशवीत फोन सारखा थरथरत होता. तिने काढून पाहिला. गाओ बाईंनी सकाळचं चित्रण गटात टाकलं होतं. फुलाफुलांच्या सदऱ्यातल्या सासूबाई, हातात पेला. 'मला बरं वाटतं.' खाली अभिनंदनाचा पाऊस. आणि मध्येच, 'माझ्या वडिलांचीही मूत्रपिंडं कमजोर आहेत. उद्यापासून सुरू करते.' त्याखाली आणखी एक. त्याखाली आणखी एक.

"काका," तिने फोन त्यांच्यापुढे धरला, "हे बघा. हे लोक... यांना कुणी सांगायचं?"

"तूच," थियानफू काका म्हणाले.

तिने गटात लिहिलं. सासूबाई अत्यवस्थ आहेत. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांनी हा रस मुळीच घेऊ नका. पाठवलं. दहा मिनिटांत तो निरोप पुसला गेला. तिने पुन्हा पाठवला. मग तिला गटातूनच काढलं गेलं.

तिने गाओ बाईंना फोन लावला. बाईंनी उचलला.

"लीछिंग, तू घाबरलेली आहेस," तोच मऊ आवाज. "एका घटनेवरून दीडशे लोकांची श्रद्धा मोडायची का? त्यांच्या वयाचा विचार कर. हे कधीतरी होणारच होतं."

"बाई, ज्यांनी उद्यापासून सुरू करते म्हणून लिहिलंय, त्यांचे नंबर द्या मला."

पलीकडून फोन ठेवला गेला.

लीछिंग बाकावर वाकून बसली. "मला हे समजतच नाही काका. मी खरंच बरी झाले होते. माझं डोकं खरंच थांबलं. मग खोटं काय होतं?"

"खोटं काहीच नव्हतं," काका म्हणाले. "तू बरी झालीस ते खरं. वहिनी मरायला टेकल्या तेही खरं. अगं, आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी चाळीस ताटं लागायची. एकाला मीठ नको, एकाला साखर नको, एकाला फक्त पातळ. प्रत्येक ताटावर नावाची चिठ्ठी असायची. नवीन आलेला आचारी म्हणायचा, चांगलं जेवण करू आणि सगळ्यांना एकच वाढू, एवढी कटकट कशाला? त्याला मी पहिल्या दिवशी सांगायचो, जेवण कितीही चांगलं असू दे, चिठ्ठी वाचल्याशिवाय ताट उचलायचं नाही. तू चिठ्ठी वाचली नाहीस, एवढंच. आणि वाचून दाखवली तर ऐकली नाहीस."

"मी तुम्हाला आचारी म्हणाले."

"आचारीच आहे मी," काका म्हणाले. "त्यात काय झालं?"

सासूबाई वाचल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत आणलं. पण पूर्वीसारखं नाही. मूत्रपिंडांची उरलीसुरली ताकदही आणखी घटली होती. दोन वर्षं लांबवलेलं डायलिसिस आता काही महिन्यांवर आलं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. चुका सुधारतात, पण प्रत्येक वेळी सगळं परत मिळतं असं नाही.

लीछिंगने खाटेशी बसून त्यांचा हात धरला. "आई, तुम्हाला त्रास होत होता. पाय उचलत नव्हते. मग का घेत राहिलात? नको म्हणायचं होतंत मला."

सासूबाईंनी थोडा वेळ छताकडे पाहिलं.

"पंचवीस वर्षं एका घरात राहिलो आपण. तू दुखण्यात, मी माझ्या खोलीत. सकाळी तू पळत जायचीस, संध्याकाळी दार लावून घ्यायचीस. मी काही बोलले नाही, दुखणंच तसं होतं तुझं. मग तू बरी झालीस, आणि रोज माझ्याशेजारी बाकावर येऊन बसायला लागलीस. वीस-वीस मिनिटं. शाळेतल्या गमती सांगायचीस." त्या जरा दम खायला थांबल्या. "पेला नको म्हटलं असतं, तर तू बसली असतीस का?"

लीछिंगला हुंदका आवरला नाही. जिला ती तीन आठवडे बरं करत होती, तिला काय हवं आहे हे तिने एकदाही विचारलं नव्हतं!

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलं होतं. कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव तसंच होतं. बाईंना वाटलं असावं, आता ती येणार नाही. ती आली. सोबत थियानफू काका आणि चुनश्यांगही. गाओ बाईंनी तिला दारातच अडवलं.

"आज नको, लीछिंग. मी हात जोडते. इथले लोक किती आशेने आलेत बघ."

"म्हणूनच आले, बाई."

ती सरळ पुढे गेली आणि ध्वनिक्षेपकाशी उभी राहिली. 

"मी श्वी लीछिंग. कच्च्या आहाराने माझी बारा वर्षांची अर्धशिशी थांबली. ते खरं आहे. आजही मी सकाळी कच्चंच खाते." काही जणांनी टाळ्या वाजवल्या. तिने हात वर केला. "थांबा. माझ्या सासूबाईंचं चित्रण तुम्ही पाहिलंत. त्यात त्या म्हणतात, मला बरं वाटतं. ते पाठवल्यावर पाच मिनिटांच्या आत त्या कोसळल्या. त्यांचं हृदय थांबत आलं होतं. त्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत, त्यांना हा रस चालत नाही, हे रुग्णालयाने लिहून दिलं होतं. तो कागद मी फ्रिजवरून काढून टाकला. पाय जड झाले तर मी म्हटलं, विष बाहेर पडतंय. औषध विचारलं तर म्हटलं, थांबून बघू. ते विष बाहेर पडत नव्हतं. मीच आत ओतत होते!"

सभागृहात कुजबुज उठली. "खाली उतरा!" कुणीतरी मागून ओरडलं. "आम्हाला घाबरवायला आलात का? आम्ही बरे झालोय!"

"मीही बरी झालेय!" लीछिंग ओरडली. "म्हणूनच तर मला वाटलं, मला सगळं कळतं!"

गाओ बाई पुढे आल्या. "बसा सगळे. ही बाई दुःखात आहे. आपण तिच्यासाठी शांत राहू या. तिसऱ्या रांगेतल्या ताई, तुम्हीही बसा बरं."

तिसऱ्या रांगेतली ती बाई बसली नाही. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. सभागृह तिच्याकडे वळलं.

"माझ्या नवऱ्याच्या हृदयात झडप बसवलीय," ती म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "रक्त पातळ ठेवायची गोळी असते त्यांची. तीन आठवडे झाले, आम्ही ती बंद केलीय. काल सकाळी त्यांचा डावा हात थोडा वेळ उचलेना. मी... मी म्हटलं, विष बाहेर पडतंय."

कुणी हललं नाही. चुनश्यांगने गाडीची किल्ली खिशातून काढली. तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यात पडला नव्हता.

"ताई, नवरा कुठे आहे आत्ता?"

"घरी. देवळामागच्या गल्लीत."

"चला. आत्ताच्या आत्ता!"

ती बाई धावली, तो तिच्यामागे. आणि मग खुर्च्या सरकण्याचे आवाज येऊ लागले. कुणी फोन काढून घरी विचारत होतं, बाबांनी आज गोळी घेतली का? कुणी थियानफू काकांना घेरून उभं होतं. काही जण रागारागाने निघून गेले, जाताना लीछिंगकडे बघितलंही नाही. सगळ्यांना एका दिवसात पटतं असं नाही.

सभागृह रिकामं झाल्यावर गाओ बाई एकट्याच खुर्च्या एकात एक घालत होत्या. लीछिंग मदतीला गेली. 

"तुझ्या सासूबाई कशा आहेत?" बाईंनी विचारलं. पहिल्यांदाच.

"आहेत. अशक्त आहेत."

बाईंच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "मी तुझा निरोप पुसला. दोनदा. उद्या सगळ्यांना मीच लिहीन. ज्यांना ज्यांना आजार आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा म्हणून."

"आज लिहा, बाई," लीछिंग म्हणाली. "उद्याची वाट नका बघू."

बाईंनी खुर्ची खाली ठेवली आणि फोन हातात घेतला.

झडपवाल्या त्या गृहस्थांचं त्या दिवशी थोडक्यात निभावलं. श्वींच्या घरात शेगडी पुन्हा पेटली. आता लीछिंग आपली कच्ची बशी घेते आणि सासूबाईंची भाजी स्वतः उकळून, पाणी मोरीत ओतून त्यांना वाढते. मग दोघी शेजारी बसून जेवतात, आणि पेला नसला तरी ती उठत नाही.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात, कचेरीत, फोनवरच्या गटात एक लीछिंग आहे, आणि कितीदा ती आपण स्वतःच असतो. कुणाला कच्चं मानवतं, कुणाला उपास, कुणाला एखादा काढा. मानवलं असेल तर आनंदाने खावं, हवं तर चारचौघांत सांगावंही. पण आपला अनुभव कितीही खरा असला, तरी तो आपल्या एका शरीराचा असतो. दुसऱ्याच्या ताटात तो वाढण्याआधी त्याला विचारा, तुला काय होतंय, तुझे डॉक्टर काय म्हणतात? आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर थांबवू नका. माया करायची असेल तर माणसाशेजारी बसा. त्यासाठी त्याच्या हातात पेला द्यावा लागत नाही!